थाळीची पाठ

“पाठ आधी घास. माणसं पुढूनच बघतात, देव मागूनही बघतो.”

सासूबाईंचं हे सांगणं लोइसने छत्तीस वर्षं पाळलं. चर्चमधली ती जुनी कथलाची थाळी, प्रभुभोजनाच्या भाकरीची. दर शनिवारी पालथी घालून ती आधी पाठ घासायची. आज थाळी खिडकीपाशी तशीच पालथी होती आणि हार्टफर्डहून आलेल्या, जुन्या भांड्यांच्या जाणकार कीलरबाई भिंगातून कारागिराचा ठसा शोधत होत्या.

त्यांनी थाळीवर तोंडाची वाफ सोडली. धातूवर धुकं धरलं, उडालं. पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवली. कागद नुसता काळा झाला.

“हा गरुडाचा पंख असावा. पण पंख घेऊन काय करू? त्या काळी निम्मे कारागीर गरुडच उठवायचे. नाव खाली असायचं, ते गेलंय.” त्या हसल्या. “कुणी घासलंय हो एवढं? वैर होतं की काय?”

“मी,” लोइस म्हणाली.

कीलरबाईंनी भिंग खाली ठेवलं.

पलीकडच्या गावातल्या वृद्धाश्रमात म्हातारे अमासा पेक अन्न सोडून पडले होते. थाळी आमच्या खापरपणज्याने ओतली, असं ते जन्मभर सांगत आले आणि गाव जन्मभर हसत आलं. काल त्यांनी लोइसचं मनगट धरलं होतं. “ठशात पेक आहे का, बघून ये. नसलं तरी येऊन सांग. आजउद्याच.” येते, असा शब्द तिने दिला होता.

“लोइस, आहे म्हणून सांगून टाक,” पास्टर हॉवर्ड हळूच म्हणाले. “बिचारा सुखाने जाईल. मी काही तुला पाप लावणार नाही.”

“तुम्ही नाही लावणार, पास्टर.”

“मग काय, नाही म्हणून सांगणार?”

“नाही, असं तरी कुठे ठरलंय?”

कीलरबाईंनी कपातली गार कॉफी उगाच ढवळली.

“मग सांगणार काय तू त्यांना?” पास्टरांनी विचारलं.

“कुणी घासलं ते.”

तिने कोट चढवला, थाळी फडक्यात गुंडाळली आणि गाडीची किल्ली शोधू लागली. टेबलावर पाहिलं, दोन्ही खिसे चाचपले. किल्ली तिच्या मुठीतच होती. दार अलगद ओढून घेत ती निघाली.