बसा जरा

"सिस्टीम बंद पडलीय, बसा जरा," लॅबच्या खिडकीतून शेजवळकाकांनी समोरच्या बाईंना सांगितलं आणि माझ्यादेखत चांगला चालू असलेला प्रोग्राम बंद केला.

माझं डोकंच फिरलं. तो प्रोग्राम माझा. आत डॉक्टरांनी रिपोर्टमध्ये एक आकडा बदलला तरी काकांच्या स्क्रीनवर तो आपोआप बदललाच पाहिजे, एवढ्यासाठी मी महिनाभर डोकं फोडलं होतं.

बाई बाकावर जाऊन बसल्यावर मी म्हणाले, "काका, आता बंद-चालू करावं लागत नाही. कितीदा सांगू? उगाच लोकांसमोर माझी बदनामी."

"तुझं चांगलंच चालतंय गं. फार लवकर कळतं, तीच पंचाईत. रिपोर्ट वाईट निघाला की समोरचा माणूस आधी माझं तोंड बघतो. म्हणून त्याला बसवतो आणि डॉक्टरांना बोलावतो. ते नीट सांगतात."

हे आधी कुणी बोललंच नव्हतं. मीटिंगमध्ये सगळ्यांना 'लगेच' हवं होतं. मी धुसफुसत निघून गेले.

दिवाळीनंतर मी त्याच खिडकीशी आईच्या गाठीच्या रिपोर्टसाठी उभी होते. आई मागे बाकावर संत्रं सोलत होती. काका फराळाची चौकशी करत होते, तेवढ्यात स्क्रीन आपोआप बदलला. त्यांच्या चष्म्याच्या काचेत मला तेवढंच दिसलं.

"सिस्टीम बंद पडलीय," काका म्हणाले. "आईजवळ बस जरा."