चपलांची पूजा

रस्त्यांवर चुंबकांना अधांतरी तरंगत ठेवणारा अतिसंवाहक पत्रा बसवल्यापासून तिथे पायी चालायला बंदी होती. विकतच्या तरंगत्या फळीवर तोल राहत नसल्यामुळे अण्णा दोन वर्षं घरातच होते. म्हणून शर्वरीने जुन्या स्पीकरमधली चुंबकं बसवून वडिलांसाठी घरीच फळी बनवली.

खंडेनवमीला अण्णांनी दारासमोर रस्त्यावर तरंगणाऱ्या फळीला हळदकुंकू वाहिलं, चपला काढल्या आणि वर पाय ठेवला. लगेच घसरून ते उंबऱ्यावर बसले.

"अण्णा, चपलांच्या तळाला लोखंड काय उगाच लावलंय? त्यानेच पाय फळीला चिकटून राहणार!"

"पूजेतल्या वस्तूवर चपला घालून चढू?"

शर्वरीने चपला पाटावर ठेवल्या आणि त्यांनाही हळदकुंकू वाहिलं.

"आता?"

अण्णांनी चपला घातल्या.

"कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो," म्हणाले, आणि थेट संध्याकाळी परतले.