डोळे डिकीपर्यंत

"एक सही फक्त हवी आहे, दादा," कोरीन म्हणाली आणि तिला स्वतःच्याच आवाजाची लाज वाटली. बावन्न वर्षांची बाई, आणि आवाज सहलीचे पैसे मागणाऱ्या पोरीचा.

वेंडेलने सवयीने साखरेची पुडी उचलली आणि परत ठेवली. साखर त्याला बंद होऊन वर्ष झालं होतं. हॉटेलबाहेर त्याच्या लाल ट्रकमध्ये त्याचा म्हातारा आंधळा कुत्रा बस्टर काचेला नाक लावून बसला होता.

"तुझ्या पगारात भागत नाही?"

"उन्हाळ्यात शाळा बंद, म्हणजे शाळेचं स्वयंपाकघरही बंद. दहा आठवडे बिनपगारी. नवऱ्याला इकडे आणायला सरकारने कमाईची जी रेघ आखलीय ना, तिच्या खाली जाते मी. मग दुसऱ्या कुणीतरी हमी द्यायची."

ओहायोतल्या त्या गावात कमावता माणूस म्हटलं की वेंडेलचंच नाव निघायचं. टायरचं दुकान होतं. हॉटेलात शिरला की ओळखीच्या प्रत्येकाची कॉफी त्याच्या नावावर. बायको गेल्यापासून तर हात आणखीच सैल झाला होता.

"हमी म्हणजे काय काय दाखवायचं?"

"काही नाही रे. गेल्या वर्षीचं करपत्रक. तुझ्यासारख्याला काय त्याचं!"

वेंडेलने बाहेर बस्टरकडे पाहिलं. मग एकदम चढ्या आवाजात म्हणाला, "म्हणजे त्या जहाजावरच्या भांडीवाल्यासाठी मी माझे कागद सरकारपुढे उघडे करू? लग्नाला दोन वर्षं झाली, नांदलात किती? अठरा दिवस! अगं, त्याला बायको नकोय, अमेरिका हवीय."

पलीकडच्या टेबलाशी कॉफी ओतणाऱ्या बाईचा हात थांबला. कोरीनचे कान तापले. तिचा नवरा आर्नेल आणि ती एकाच प्रवासी जहाजाच्या मुदपाकखान्यात चार वर्षं राबली होती. तो भांडी घासायचा, ती बटाटे सोलायची. आईच्या आजारपणासाठी ती परतली नसती, तर आज ही वेळच आली नसती. हे सगळं तिला सांगायचं होतं. पण वेंडेलने बिलासाठी हात वर केला होता.

वेंडेलने बिल दिलं, वर भरघोस टिप ठेवली. उरलेलं अर्धं सँडविच कागदी रुमालात नीट गुंडाळून खिशात टाकलं. "बस्टरला," एवढंच म्हणाला आणि निघाला.

घरी येताच फिलिपिन्समधल्या इलोइलोहून आर्नेलचा फोन. "दादा काय म्हणाले?"

फ्रीजवर वेंडेलचा फोटो होता, ट्रकला टेकून, बस्टरला कवेत घेऊन. आर्नेलकडेही त्याची प्रत होती. त्याच्या मुलखात पाठीशी भाऊ उभा राहिला नाही, तर बाईचीच अब्रू जाते. कोरीनने डोळे मिटले आणि खोटं बोलली. "त्याचे धंद्याचे कागद किचकट आहेत. पण तो दुसऱ्या कुणाला तरी गळ घालतोय. तू काळजी करू नकोस."

ते दुसरं कुणी तिला चार दिवसांनी सापडलं. शाळेची मुख्य स्वयंपाकीण ग्लेंडा, जिला पगार बारा महिने मिळायचा. मोरीशी उभं राहून, खाली मान घालून कोरीनने विचारलं.

"हात्तिच्या! यासाठी चार दिवस तोंड पाडून फिरतेयस?" ग्लेंडा म्हणाली. "माझ्या घरी खाणारी तोंडं दोन, मी आणि मांजर. आण ते कागद."

कोरीन तिथेच रडली. त्या दिवसापासून तिने वेंडेलचा फोन घेतला नाही. त्यानेही फारसा केला नाही.

या उपकाराची फेड कशी करणार? ग्लेंडा नदीपलीकडच्या गावात, वीस मैलांवर राहायची. तिथल्या चर्चच्या तळघरातून ती दर शनिवारी गरजूंना शिध्याचे खोके वाटायची. कोरीन तिथे खोके भरू लागली. नावं कुणाचीच नसत, नुसते नंबर. गाड्या रांगेने येत, काचेला नंबरचं कार्ड लावलेलं असे. आतला माणूस बसल्या जागेवरून डिकी उघडे, बाहेरचे गडी खोकं ठेवत, गाडी पुढे जाई.

"डोळे डिकीपर्यंतच," ग्लेंडा प्रत्येक नव्या माणसाला बजावायची. "चेहरा बघायचा नाही. माणूस आधीच मेल्याहून मेला झालेला असतो."

कोरीन ते मनापासून पाळायची. मेल्याहून मेलं होणं काय असतं, हे तिला हॉटेलच्या त्या टेबलाशी कळलं होतं. आत बसून ती चिठ्ठ्या वाचायची आणि खोके भरायची. सहा नंबरला बाळाचं दूध. अकराला मऊ पाव. सतराला साखर नको, आणि जमलं तर कुत्र्याचं खाणं. सतरा नंबरच्या खोक्यात ती स्वतःच्या पैशाने एक डबा जास्त टाकायची. कुत्रा पाळणारा माणूस वाईट नसतो, असं तिला वाटायचं.

सव्वा वर्षाने आर्नेल आला. विमानतळावर त्याचा पहिला प्रश्न होता, "दादांच्या पाया पडायला कधी जायचं?"

"जाऊ," कोरीन म्हणाली. दोन आठवडे ती 'जाऊ'च म्हणत राहिली.

तिसऱ्या शनिवारी तो तिच्याबरोबर चर्चला आला. दणकट गडी बघून ग्लेंडाने त्याला थेट बाहेर गाड्यांपाशी धाडलं. घाईघाईत नियम सांगायचा राहिला.

तासाभराने बाहेरून आर्नेलचा आनंदाने फाटलेला आवाज आला. "दादा! अहो दादा!"

कोरीनच्या हातातला डबा तसाच राहिला. वेंडेल? इथे? आर्नेल आल्याचं कुणीतरी त्याला सांगितलं असणार. अखेर बघायला आलाच! इतक्या महिन्यांचा राग उसळून आला, आणि त्यामागून मायाही. ती धावत पायऱ्या चढली.

राखाडी रंगाच्या एका जुन्या गाडीचं दार आर्नेलने स्वतःच उघडलं होतं. वाकून, आपल्याकडे पाया पडतात तसा, त्याच्या मुलखातल्या रीतीने त्याने वेंडेलचा हात आपल्या कपाळाला लावला होता आणि तो बोलतच होता, "तुम्ही शब्द टाकलात म्हणून मी आज इथे आहे, दादा." शेजारच्या सीटवर बस्टर शेपूट हलवत होता. वेंडेल मान वर करत नव्हता.

गाडीची डिकी उघडी होती आणि काचेला कार्ड लावलं होतं. सतरा.