देवमाशाचं लेकरू

शाळेच्या भिंतीवरचा मोठा देवमासा रंगवून झाला, तेव्हा माणिकराव मास्तरांनी जमील पेंटरला सांगितलं, की आता त्याच्या पोटाखाली पिल्लू काढायचं. तेही जन्मल्या दिवशीच्या मापाचं. पंधरा हात.

जमील वळून बघतच राहिला. वसमतच्या दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. समुद्र त्यानं पाहिला नव्हता, मास्तरांनीही नव्हता. साठ हात लांबीचा मासा असतो म्हटल्यावर वर्गातली पोरं हसली, म्हणून मास्तरांनी इरेला पेटून अख्खी भिंत चुन्यानं पांढरी करून घेतली होती आणि खडूनं मापं स्वतः टाकली होती. पण पंधरा हात म्हणजे बैल जुंपलेली गाडी झाली.

"आज जन्मलेलं लेकरू एवढं?" जमीलनं विचारलं. "काहून?"

मास्तरांना असं कुणी विचारलं की फार बरं वाटायचं. ते सांगू लागले. ह्या माशाचे पूर्वज मासे नव्हतेच, चार पायांवर चालणारी, कुत्र्याएवढी जनावरं होती. पोटासाठी पाण्यात उतरली आणि तिथलीच झाली. पाण्यानं अंगाचा भार पेलला, खायला रग्गड मिळालं, म्हणून वाढायला मोकळीक झाली. पण दर्याचं पाणी गार. बशीतला चहा बघता बघता निवतो, दावतीच्या जेवणाची भली मोठी देग तासन् तास गरम राहते, अंगाचंही तसंच. जी पिल्लं थोराड जन्मली त्यांची ऊब टिकली. ती जगली, त्यांची पिल्लं आणखी थोराड निघाली. असं लाखो वर्षं चाललं.

"आन् बारकी?"

"बारकी निवली," मास्तर म्हणाले, आणि शेपटीची खूण करायला खडू घेऊन पुढं गेले.

जमीलचं लेकरू जाऊन सोळा दिवस झाले होते. मास्तरांना ते ठाऊक होतं, भेटायलाही येऊन गेले होते. पण पोरगी सातव्या महिन्यातच झाली होती, दोन तळव्यांत मावत होती, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. रहमतबी दाईनं तिला कापसात गुंडाळून सुपात ठेवलं होतं आणि सूप शेगडीजवळ. थंडी त्या आठवड्यात अशी पडली होती की रांजणातलं पाणी हाताला चावायचं. चौथ्या दिवशी पहाटे त्याच्या बायकोनं, इशरतनं, तिच्या पायांना हात लावला, तर पाय गार होते.

सगळ्या गल्लीनं सांगितलं, अल्लाची मर्जी. जमीलनं ते मानलं होतं. त्या एका शब्दावर त्याला दोन घास गिळता येत होते. आता त्याला घराची उत्तरेकडची कुडाची ताटी दिसायला लागली. तिच्या फटी शेणमातीनं लिंपायच्या होत्या. आज करू, उद्या करू, असं म्हणता म्हणता ते राहून गेलं होतं.

त्या दिवशी मास्तरांनी भाकरी खायला दोनदा हाक मारली. तो शिडीवरून उतरला नाही. पिल्लू त्यानं एका दमात पुरं केलं.

जुम्म्याच्या सुट्टीला इशरत म्हणाली, तो मासा मला दाखवा. चाळीस दिवस उंबरा ओलांडू नको म्हणून रहमतबीनं बजावलं होतं. ती ऐकेना, तेव्हा जमील तिला दुपारी घेऊन गेला. शाळेत कुणी नव्हतं. शेपटीपासून तोंडापर्यंत ती भिंतीच्या कडेकडेनं चालत गेली, मग माघारी येऊन पिल्लापाशी थांबली. ह्याची माय ह्याला दूध पाजते का, असं तिनं विचारलं. मास्तर तर म्हणतात पाजते, जमील म्हणाला. इशरतनं ओढणी छातीवर ओढून घेतली. दूध आटावं म्हणून रहमतबीनं बांधलेलं फडकं आत अजून तसंच होतं, आणि ते भिजलेलं होतं.

"एवढं मोठं काहून जन्मतं ओ?"

जमीलला कारण पाठ झालं होतं. भिंतीवरून ओघळलेला रंग तो अंगठ्यानं पुसत राहिला.

"दर्यात जागा लई असती," तो म्हणाला. "म्हून."

इशरतनं पिल्लाच्या अंगावर तळवा टेकवला.

"जागा तर आपल्या घरातबी लई हाये," ती म्हणाली.