हॉट लीड

‘दहावीनंतर काय?’ हा आजचा तिसरा वेबिनार त्याने घसा बसेस्तोवर रेटला. फुकटचं सर्टिफिकेट पदरात पडताच निम्मे पालक पसार झाले आणि फीचा आकडा ऐकून बाकीचे. शेवटपर्यंत एकच नाव टिकून होतं.

“हॉट लीड आहे ती, लेका, पक्कं गिऱ्हाईक! अ‍ॅडमिशन झाली नाही, तर उद्यापासून तू घरी बस,” साहेब गुरगुरला.

नाव बघायचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. सिस्टीमने नंबर लावला आणि त्याने घोकलेलं पहिलं वाक्य साखर घोळून म्हटलं, “नमस्कार! आपल्या मुलाची काळजी वाटते ना?”

 

“वाटते रे,” पलीकडून आई म्हणाली, “म्हणून तर नाव नोंदवलं. एरवी तू फोन करतोस कुठे?”