आमेनपर्यंत

पाळकाने बोलणे न थांबवता तळहाताने हवा खाली दाबली, आणि मागच्या बाकावरून उठलेली बाई पुन्हा बसली. तिच्या मांडीवर शालीत गुंडाळलेला मुलगा होता. सकाळी ती आली तेव्हा तो कण्हत होता; आता त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. पाळकाला तो ऐकू आला नाही. त्याला स्वतःचाच आवाज ऐकू येत होता, आणि आज तो त्याला आवडला होता.

मिशनच्या या दवाखान्याची रीत साधी होती: आधी उपासना, मग औषध. शेवटच्या ‘आमेन’ला जो बाकावर असेल त्याला पत्र्याचा बिल्ला मिळे, आणि बिल्ला दाखवला की पाळकाची बायको, जी शिकलेली नर्स होती, खिडकीतून बाटली देई. मधून उठेल त्याने दुसऱ्या दिवशी यावे. समुद्रापलीकडे, मायदेशातल्या एका उबदार सभागृहात, काही सज्जनांनी हा नियम केला होता. शरीराआधी आत्मा वाचवावा, या तत्त्वात त्यांना खोट दिसली नव्हती. नियम करताना त्यांच्यापैकी कोणालाही ताप नव्हता.

“अहो, आज रोगी फार आहेत,” उपासनेला निघताना बायको म्हणाली होती. “तुमचं प्रवचन संपेपर्यंत निम्मे आपोआप बरे होतात, आणि तुम्ही ते चमत्कारात धरता.”

“तुला सगळ्याची थट्टाच सुचते.”

“थट्टा नाही. मी उरलेल्या निम्म्यांचं बोलतेय.”

पाळक दुष्ट नव्हता. असता तर त्याला माफ करणे सोपे गेले असते. परमुलखात येऊन त्याने परकी भाषा घोटून घोटून आत्मसात केली होती. इथल्या तापाने तो स्वतः मरता मरता वाचला होता. इतके करून त्याच्या पदरात एकही विश्वासणारा पडला नव्हता. बाकांवर गर्दी असे, पण ती खोकणारी, जांभया देणारी, औषधाच्या खिडकीकडे माना वळवणारी गर्दी. अलीकडे गुडघे टेकून बसला की आपण रिकाम्या खोलीशी बोलतो आहोत, असा संशय त्याला येई. मनापासून ऐकणारा एक तरी माणूस दे, एवढेच तो देवाजवळ मागत होता.

आजचा विषय होता तो बाप, ज्याची मुलगी मरणाच्या दारात आहे आणि जो प्रभूला घरी न्यायला धावत आला आहे. वाटेत एक आजारी बाई प्रभूच्या वस्त्राला शिवते, आणि प्रभू थांबतो.

“थांबतो,” पाळक म्हणाला. “एवढ्या घाईत, एवढ्या गर्दीत, एका अनोळखी बाईसाठी.” या वाक्यावर त्याने बरेच कष्ट घेतले होते.

मधल्या बाकावर दोन म्हातारे कुजबुजत होते.

“ती मुलगी शेवटी जगते का रे?”

“जगते. यांच्या गोष्टीत मेलेलेही उठतात.”

“मग आपल्यातलं कुणी का उठत नाही?”

“आपली गोष्ट कोण सांगतंय?”

मग गीत झाले. गीत संपता संपता पाळकाची नजर त्या बाईवर गेली आणि तिथेच खिळली. ती हलत नव्हती. मांडीवरचा मुलगाही शांत झाला होता. तिचे डोळे थेट पाळकाच्या ओठांवर होते, जणू त्यांतून सुटणारा एकही शब्द तिला गमवायचा नव्हता. गालांवरून पाणी वाहत होते आणि ते पुसायचे तिला भान नव्हते. असे ऐकणे त्याने पूर्वी कधी पाहिले नव्हते. आटोपत आणलेले प्रवचन त्याने पुन्हा उघडले, केवळ तिच्यासाठी. शेवटची प्रार्थनाही लांबवली, आणि आज सापडलेल्या एका आत्म्याबद्दल तीत देवाचे आभार मानले.

आमेन झाले. बिल्ले वाटले गेले. पाळक स्वतः खिडकीपाशी, रांगेत उभ्या असलेल्या त्या बाईजवळ गेला.

“आज तुम्ही फार मनापासून ऐकलंत,” तो म्हणाला.

“हो, साहेब. उठले नाही मी.”

पाळकाच्या बायकोने खिडकीतून हात बाहेर काढून मुलाच्या कपाळावर ठेवला. हात तिथेच राहिला.

“बाई, हा तर थंड आहे.”

“हो.”

“कधीपासून?”

“गाणं चाललं होतं तेव्हापासून.”

“मग आत का नाही आलीस? दार वाजवायचंस.”

“आधी उठले होते. साहेबांनी बसवलं.” यात तक्रार नव्हती. विचारले म्हणून तिने सांगितले.

आता काहीतरी करणे पाळकाला भाग होते, आणि त्याला एकच काम येत होते. त्याने हात जोडले, डोळे मिटले. पायांशी सळसळ झाली म्हणून त्याने ते उघडले. बाई मुलाला घेऊन जमिनीवर बसली होती. तिच्यामागे सगळी रांग, एकेक करून, खाली बसत होती.

त्याने तोंड उघडले. पाठ असलेल्या असंख्य प्रार्थनांपैकी एकही ओठांवर आली नाही. मायदेश सोडल्यापासून प्रथमच तो देवापुढे काहीही न मागता, दाखवण्यासारखे काहीही हाताशी नसताना, नुसता उभा होता.

बाईने थोडा वेळ वाट पाहिली.

“झाली का प्रार्थना, साहेब?” तिने विचारले. “मग औषध द्या. धाकटी घरी आहे, तिलाही हाच ताप आहे.”