अध्यक्षांच्या खोलीतली बाज

हौसाबाईंनी बाज थेट अध्यक्षांच्या टेबलासमोर टाकली, वर गोधडी अंथरली आणि लेकीला म्हणाल्या, "पड गोदा. पाय वर घे."

गोदा पडली. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले, बाळंतपणाला मोहन्याच्या सासरहून माहेरी आलेली. लाजेनं तिनं पदर तोंडावर ओढून घेतला. नगरपालिकेचे अध्यक्ष गोपीनाथराव खुर्चीतून अर्धवट उठले, आणि बसावं की उभं राहावं हे न ठरल्यामुळे तसेच राहिले.

"हे काय चालवलंय, हौसाबाई? हे ऑफिस आहे."

"ठाऊक हाय. छप्पर धड हाय ना इथं? म्हणून आणली."

हौसाबाईंच्या शेजारच्या ओसाड घराचं प्रकरण गोपीनाथरावांना तोंडपाठ होतं. मालक मुंबईला, घरात घुशी आणि विंचू, आणि हौसाबाईंच्या खोलीकडची मातीची उंच भिंत पोट काढून उभी. बाई तक्रार घेऊन आल्या की पालिका त्यांना गोड बोलून वाटेला लावी. गोड बोलण्यात आमच्या पालिकेचा हात कोणी धरला नसता. पण आज पहाटे त्या भिंतीचं एक ढेकूळ कौलं फोडून गोदाच्या अंथरुणावर पडलं होतं. गोदा तेवढ्यात परसात गेली होती म्हणून वाचली.

"मालकाला नोटीस गेली आहे," गोपीनाथराव म्हणाले. "खाजगी मिळकत आहे ती. उत्तर आल्याशिवाय हात लावता येत नाही."

"मालकाला कळवलंत. भिंतीला कोणी कळवलं?"

दारात जमलेल्या कारकुनांपैकी कोणीतरी हसलं. साहेबांनी तिकडे पाहिलं तसं हसू थांबलं, पण गर्दी हलली नाही.

"अहो, उद्या या खोलीत सभा आहे."

"होऊ दे की. पोरगी कोपऱ्यात पडून राहील. बारसं पण इथंच घालते. इंग्रज गेला तवा तुमीच चौकात बोलला होता ना, आता आपलं राज्य आलं म्हणून? मग आपल्या राज्यात माझ्या पोरीनं कुठं बाळंत व्हायचं, ते तरी सांगा."

बोलता बोलता त्या पिशवीतून जुन्या लुगड्याच्या धुतलेल्या घड्या काढून टेबलावर मांडत होत्या. तोंड खणखणीत चाललं होतं, हात मात्र एकच घडी पुन्हा पुन्हा मोडून घालत होते. हौसाबाई रागावल्या नव्हत्या, भ्यायल्या होत्या. ते ढेकूळ पहाटेपासून त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

गोपीनाथरावांनी ते हात पाहिले. माणूस वाईट नव्हता. फक्त एकट्यानं काही ठरवायची त्यांना सवय नव्हती. ते शिपायाकडे वळले आणि म्हणाले, "पोपट, रस्त्याचे गडी घे, पहारी घे, आणि ती भिंत आत्ताच्या आत्ता पाड. दोर लावून आतल्या अंगाला ओढा. मालकाचं मी बघतो."

पोपट पळाला. गोपीनाथराव एकदाचे खुर्चीत टेकले.

"झालं ना? न्या आता मुलीला घरी."

"पडल्याचा आवाज आला की नेते."

घर मागच्याच गल्लीत होतं. सगळे थांबले. कोणी काही लिहीत नव्हतं, चहासुद्धा कोणी मागवला नाही. पहारींचे ठोके ऐकू यायला लागले, मग गड्यांचा ओरडा, मग काही वेळ काहीच नाही. गोपीनाथराव खिडकीशी जाऊन उभे राहिले. आणि धप्पकन आवाज झाला, तावदानं हादरली, धुळीचा लोट कौलांवरून वर आला.

हौसाबाई खाली जमिनीवरच बसल्या. सकाळपासून अडवून धरलेलं पाणी त्यांच्या डोळ्यांतून वाहायला लागलं. ते तसंच पुसत त्यांनी बाजेवर हात ठेवला. "ऊठ गं बाय. पडली भिंत. चल घरी."

गोदानं तोंडावरचा पदर काढला. चेहरा घामानं निथळत होता आणि पदराचं टोक दातांखाली चावून चावून फाटलं होतं.

"नाय उठवत, आये. कवाच्या कळा येतायत."

"अगं, मग बोलायचं नाय का?"

"तुझं बोलणं चाललेलं. म्हटलं, आधी भिंत पडू दे."

हौसाबाईंनी लेकीच्या कपाळावरचे केस मागे सारले. मग उठल्या आणि पदर कमरेला खोचला.

"बाप्यांनी बाहेर व्हा. कोणीतरी पळत जाऊन सुईणीला आणा. आणि पाणी तापवा, भरपूर."

कारकून पांगले, एकजण सुईणीकडे धावला. गोपीनाथरावांनी सवयीनं पोपटला हाक मारायला तोंड उघडलं. पोपट अजून भिंतीपाशीच होता. त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला, कोपऱ्यातली बादली उचलली, आणि अध्यक्ष स्वतःच विहिरीकडे पळत सुटले.